गाडी गरम होईपर्यंत

आमच्या मुर्री गावाला थंडी आली हे मला आधी आवाजावरून कळतं. पांघरूण बाजूला सारायच्या आतच अंगणातून गाडीच्या सेल्फचा आवाज येतो, एकदाच, छोटासा, आणि लगेच इंजिन सुरू होतं. बाबा गाडीत बसलेले असतात. कानाला मफलर, पायात मोजे आणि त्यावर चपला, काचा वर केलेल्या. गाडीला कुठेही जायचं नसतं. ती गरम होईपर्यंत चालू ठेवायची, तापमानाचा काटा जरासा वर सरकला की चावी फिरवून बंद करायची आणि घरात येऊन म्हणायचं, "चहा मांड, बाई." शेजाऱ्यांना सुरुवातीला वाटायचं, गुरुजी कुठे निघाले एवढ्या पहाटे. आता कोणी विचारत नाही. पेट्रोल वाया जातं हे मलाही दिसतं, पण त्या विषयावर मी बाबांशी बोलत नाही.

थंडीच्या बाबतीत विदर्भात आमच्या गोंदियाचा नंबर बहुतेक वरचा असतो आणि आम्हाला त्याचा उगाचच अभिमान असतो. जणू ती आम्ही पिकवली आहे. धान कापून होतं, कापून पसरलेल्या कडपा उचलल्या जातात, धानाच्या बांध्यांमध्ये लाखोरी डाळीचा हिरवा थर दिसायला लागतो आणि मग एका सकाळी अंगणातल्या बादलीत हात घातला की बोटं कळेनाशी होतात. माझं लहानपण नवेगाव बांधला गेलं, तळ्याच्या पाळीजवळ, म्हणजे त्याच्या मातीच्या बांधाजवळ. तिथली थंडी याहून कडक. पाण्यावरून येते, दाराच्या फटीतून आत शिरते आणि सूर्य वर आला तरी घराबाहेर जायचं नाव घेत नाही. आम्ही तणसावर, म्हणजे धानाच्या पेंढ्यावर, गोधडी टाकून झोपायचो. धानाचं तणीस अंगाखाली असलं की थंडी वर येत नाही, हे आमच्याकडे लहान मुलालाही ठाऊक असतं. ऊब म्हणजे तणीस. पुढे जे झालं ते या एवढ्याशा शहाणपणामुळे झालं.

थंडी परत आली की मला एकच हिवाळा आठवतो. आईचं डायलिसिस सुरू झालं, तो. दिवाळीनंतर डॉक्टरांनी सांगितलं की आता एक दिवसाआड गोंदियाला यावं लागेल, सकाळच्या पाळीत, उशीर चालणार नाही. मी त्यांची एकुलती एक मुलगी, गोंदियाला लागून मुर्रीत राहते. घर मोठं आहे, दवाखाना जवळ आहे. मी म्हटलं, दोघं इकडे या.  आई म्हणाली, "लेकीच्या घरी पाव्हनं म्हणून जाव, बाई. राहाले नाई जाव." मी चिडले. आजच्या काळात असले नियम कोण पाळतं, असं म्हटलं. तिने शांतपणे दुसरं कारण काढलं. "मले तिकडं गमत नाई." या वाक्यावर आमच्या भागात उत्तर नसतं. माणसाला गमत नाही, करमत नाही म्हटल्यावर विषय संपतो. शेवटी असं ठरलं की जोवर बाबांची गाडी तिला वेळेवर दवाखान्यात पोचवते, तोवर ती नवेगावच्याच घरी राहील. गाडी थकली की मुर्रीला यायचं. म्हणजे आईचं घर त्या हिवाळ्यात एका जुन्या गाडीच्या भरवशावर टांगलेलं होतं, आणि ते आम्हा तिघांनाही पक्कं माहीत होतं.

गाडी बाबांनी शाळेतून निवृत्त झाल्यावर जुनीच घेतलेली. पांढरी, लहानशी, कारबोरेटरवाली, चोकची दांडी ओढून सुरू करायची. घेतली तेव्हाच तिचं वय झालेलं होतं. बाबा तिला गाडी म्हणत नसत, "इले" आणि "तिले" म्हणत. "इले पावसाचं काही नाई, पन थंडी चालत नाई." त्या वर्षी थंडी तिला जास्तच बाधली. पहाटे चोक ओढून सेल्फ मारला की ती गरगर करायची, एकदा खोकायची आणि गप्प व्हायची. पुन्हा सेल्फ. पुन्हा खोकला. सुरू झालीच तर चोक आत ढकलला की बंद. गिअर टाकला की झटके. घरासमोरून पाळीवर चढायला जो छोटा चढ आहे, तिथे तर ती हमखास जीव सोडायची.

तिथे आमच्या मदतीला यायचे नाटकवाले. आमच्या या झाडीपट्टीत दिवाळी झाली की मंडई, म्हणजे गावोगावची जत्रा, आणि मंडईनंतर नाटक, हे काही सांगायला नको. रात्रभर कुठल्या तरी गावात नाटक पाहून उजाडता उजाडता माणसं पाळीवरून घरी परतायची. डोक्यावरून घोंगडी, डोळे लाल, तोंडात नाटकातलं एखादं वाक्य अजून घोळत असलेलं. चढावर आमची गाडी दिसली की ती मंडळी न सांगता मागे यायची. "गुरुजी, आज बी?" कोणी तरी विचारायचं. बाबा काचेतून म्हणायचे, "थंडी आहे ना बाप्पा." मग धक्का. आई मागच्या सीटवर शालीत गुरफटून बसलेली असायची. कोणी विचारायचं, "काकू, नाटक कसं झालं विचारा ना." ती म्हणायची, "आमचं नाटक इथंच आहे. रोज सकारी." गाडी धूर सोडून सुरू व्हायची आणि मागे राहिलेली माणसं हात झटकत घराकडे जायची. शनिवार-रविवारी मी नवेगावला असले की त्या धक्क्यात माझाही हात असे.

पुढे कोहमारा गावापर्यंत जंगलाचा रस्ता. तिथवर गाडी खोकत, अडखळत जायची, आणि आई पुढच्या सीटची पाठ एका हाताने धरून बसायची. दुसरा हात, डायलिसिसच्या सुया टोचायचा, शालीच्या आत जपून ठेवलेला. कोहमारा आलं की काटा वर सरकायचा आणि गाडी शहाण्यासारखी पळायला लागायची. गोंदिया येईतो तिला काही झालं होतं याची खूणही उरायची नाही.

सगळी पंचाईत इथेच होती. थंडीत बिघडणारी गाडी मेकॅनिकला दाखवायची तर ती थंड असावी लागते, आणि आमची गाडी मेकॅनिकच्या दारात पोचायची तेव्हा तापलेली असायची. शकीलभाई गोंदियातले जुने मेकॅनिक. बाबांचं सगळं ऐकून घ्यायचे, बोनेट उघडायचे, एक्सलेटर ओढून कान द्यायचे. "काकाजी, ये तो मस्त चल रही है." बाबा म्हणायचे, "आता चालते हो. सकाळी पाहा ना तिले." शकीलभाई हसायचे. "सुबह तो आप नवेगाव में रहते हो." तरी त्यांनी प्लग बदलले, चोकची तार बदलली, कारबोरेटर खोलून साफ केला. गाडी दुसऱ्या पहाटे पुन्हा तशीच.

आईचंही तेच होतं, हे मला तेव्हा फार खुपायचं. घरी रात्रभर बसून काढायची, श्वास पुरायचा नाही, पाय सुजायचे. आणि डॉक्टरांसमोर गेली की पदर सारखा करून म्हणायची, "बरं आहे. जेवन जाते." डॉक्टर माझ्याकडे बघायचे. मी काही बोलायला लागले की ती माझा हात दाबायची. जिथे दाखवायचं तिथे दोघी ठणठणीत. बाबा एकदा दवाखान्याच्या बाकावर बसून म्हणाले, "ह्या दोघीबी घरीच रुसतात." ते हसले नाहीत, म्हणून मीही हसले नाही.

घरी बाबांचे स्वतःचे उपाय चालू होतेच. संध्याकाळी बॅटरी काढून चुलीजवळ आणून ठेवायची. पहाटे प्लग खोलून आईकडे द्यायचे. ती ते चिमट्याने निखाऱ्यावर धरून तापवायची, शेजारी चहा उकळत असायचा. डॉक्टरांच्या सांगण्यावरून तिला पाणी मोजून प्यायचं होतं. जन्म तळ्याकाठी गेला आणि आता दिवसाला ठरलेलं भांडंभर. चहा बाबांसाठी, प्लग गाडीसाठी, आणि स्वतःसाठी ओला केलेला ओठ. मी तिला तसं पाहिलं आहे आणि ते विसरणं मला जमत नाही. प्लग गरम असतानाच बाबा फडक्यात धरून पळायचे, बसवायचे, सेल्फ मारायचे. कधी सुरू व्हायची, कधी नाही.

आणि तणीस, ते तर गाडी रुसायला लागण्याच्याही आधीपासून. मळणी झाली होती, अंगणात नव्या तणसाचा ढीग होता. बाबांनी पोत्यात तणीस भरून गादी शिवली आणि रोज संध्याकाळी, इंजिन निवलं की, ती बोनेटवर टाकायला सुरुवात केली. गाडीखालीही तणसाचा थर अंथरला. समोरच्या जाळीलाही पेंढ्या टेकवल्या. वासराला थंडीत जसं करतो तसं. गाडी रुसायला लागली, तेव्हा त्यांनी थर जाड केला. गाडी जितकी बिघडे तितकं तणीस वाढे. गाव बघून जात होतं आणि गावात एकालाही त्यात काही चूक दिसली नाही. मलाही नाही. उलट मला ते बघून भरून यायचं. आपल्या बापाला दुसरं काय करता येणार, असं वाटायचं.

पौषात एकदा गाडी जंगलात बंद पडली. धक्का द्यायला तिथे कोणी नव्हतं. एक ट्रॅक्टर येईपर्यंत दोघं थांबली आणि दवाखान्यात पोचली तेव्हा सकाळची पाळी निघून गेली होती. त्या दिवशी दुपारच्या पाळीत दवाखान्याने तिला कसंबसं घेतलं. मी दवाखान्याच्या पायऱ्यांवर उभी राहून सांगितलं की आता पुरे झालं, ठरल्याप्रमाणे इकडे यायचं. बाबा खाली बघत होते. त्यांच्या स्वेटरला तणसाची एक काडी चिकटलेली होती.

शकीलभाई तिथेच होते, मीच त्यांना बोलावलं होतं. ते म्हणाले, "एक काम करो काकाजी. गाड़ी को एक रात यहीं सोने दो. सुबह मैं खुद आऊँगा, किसी ने चाबी लगाने के पहले." म्हणजे गाडी मुर्रीत, माझ्या अंगणात, उघड्यावर, पूर्ण थंड होऊ द्यायची. आणि गाडी राहणार म्हणजे आईही राहणार. मला माहीत होतं ती नाही म्हणेल. एक रात्र राहिली की दुसरी रात्र मागितली जाईल, हे ती ओळखून होती. तिने गाडीकडे पाहिलं. मग म्हणाली, "राहतो. गाडी नीट झाली पायजे, बाई. तेवढ्यासाठी राहतो."

मला वाटलं, घरी परत जायचं म्हणून गाडी नीट व्हायला हवी. मी तेवढाच अर्थ घेतला.

त्या संध्याकाळी तिने माझ्या स्वयंपाकघरात लाखोरीच्या वरणाला फोडणी दिली, माझ्या पलंगावर न झोपता खाली गादी मागितली आणि शांत झोपली. बाबा दोनदा उठून अंगणात जाऊन आले. गाडीवर टाकायला माझ्या घरी तणीस नव्हतं.

सकाळी शकीलभाई आले तेव्हा धुकं होतं. त्यांनी चावीला हात लावू दिला नाही. आधी बोनेट उघडलं, टॉर्च लावून वाकून पाहिलं आणि पहिल्यांदा नाक मुरडलं. मग हात घालून काही तरी बाहेर काढलं. तणसाच्या काड्या, त्यात दोन-चार धानाचे दाणे, चिंध्या, काळ्या लेंड्या. मग म्हणाले, "अब मारो सेल्फ." गाडी गरगरली, खोकली, कशीबशी धरून राहिली. शकीलभाईंनी कारबोरेटरच्या मागे, जिथे नजर पोचत नाही तिथे, बोटं नेली. आवाज बदलला. थरथर थांबली. इंजिन एका सुरात चालायला लागलं. बोट काढलं की पुन्हा खोकला, बोट ठेवलं की ठीक. तिथे हवेची एक बारीक रबरी नळी होती, उंदराने कुरतडलेली. त्या छिद्रातून इंजिन जास्तीची हवा ओढत होतं. तापल्यावर ते निभावून न्यायचं, पण थंड इंजिनाला पेट्रोल दाट लागतं, तिथे ते अडायचं. "चूहा, काकाजी," शकीलभाई म्हणाले आणि हातातली काडी दाखवली. "पैरा रखते हो क्या गाड़ी के पास?"

 तणसात राहिलेले दाणे खायला उंदीर आले, ऊब मिळाली म्हणून राहिले, आणि दात शिवशिवले म्हणून नळी कुरतडली. यात समजावून सांगण्यासारखं काहीच नव्हतं. सगळा हिवाळा ज्या तणसाने गाडीला जपलं त्यानेच घात केला होता. बाबा मफलर सोडून पुन्हा बांधत राहिले. ते माझ्या आयुष्यात मी पाहिलेले सर्वांत एकटे बाबा.

आई दारात उभी होती. ती म्हणाली, "थंडी तं उंदरालेबी लागते. तुम्ही चांगलं अंथरलं म्हनून आले. नाई तं कोन येते त्या खटाऱ्यात राहाले?" शकीलभाई हसले. बाबा तिच्याकडे बघत राहिले. नळी बदलायला चहा पिण्याइतकाही वेळ लागला नाही. निघताना मी आईला म्हटलं, "झोप लागली ना इथे? मग राहा." ती म्हणाली, "लागली. आता घरी जाऊ दे." आणि घरी गेल्यावर तिने आपल्या जुन्या लुगड्यांची गोधडी काढून बाबांच्या हातात दिली. "तनीस नोको. हे टाकत जा."

त्यानंतर गाडीने एकदाही त्रास दिला नाही. पहिल्या सेल्फला सुरू. नाटकातून येणारे लोक पाळीवर थांबून निराश व्हायचे. "गुरुजी, आमचं काम गेलं," म्हणायचे. मला वाटलं, हिवाळा निघाला.

माघ सरत आला होता. पाळीखालच्या पळसाला काळ्या कळ्या धरल्या होत्या, सकाळची थंडी मात्र अजून हटली नव्हती. मी नवेगावलाच होते. बाबांनी गोधडी काढून घडी केली, गाडी सुरू केली. एका सेल्फमध्ये. अंगणात ती स्वच्छ आवाजात चालत होती. आई ओसरीवर बसली होती, शाल घेतलेली नव्हती, चपला घातलेल्या नव्हत्या. बाबांनी हॉर्न दिला नाही, ते कधीच देत नसत. नुसतं तिच्याकडे पाहिलं.

"बंद करा ते गाडी," आई म्हणाली.

"काऊन? चांगली चालून राहिली."

"म्हनूनच म्हनून राहिली. आता मी येत नाई. आता बस झालं."

मी धावत बाहेर आले. जे बोलायचं ते सगळं बोलले, डॉक्टरांचं, मुर्रीचं, रागाचं, रडण्याचं. तिने मध्ये अडवलं नाही. माझं संपल्यावर तिने मला जवळ बसवलं आणि हळू आवाजात, बाबांना ऐकू जाणार नाही असं, सांगितलं. "थांबाचं मन तं माहं पौषातच झालं होतं. पन गाडी तवा बंद पडत होती. तवाच थांबली असती तं तुह्या बाबानं जलमभर म्हटलं असतं का माही गाडी नाई चालली म्हनून गेली. आता गाडी चालते. आता मी आपल्या मनानं राहिली."

बाबा गाडीत बसून होते. इंजिन चालू होतं. त्यांनी किती तरी वेळ चावीला हात लावला नाही. सबंध हिवाळा त्यांनी ते सुरू राहावं म्हणून घालवला होता. मग त्यांनी चावी फिरवली.

डॉक्टरांशी मी फोनवर बोलले. ते आईशीही बोलले, बराच वेळ, आणि ती प्रत्येक गोष्टीला नीट उत्तर देत होती, पहिल्यांदाच "बरं आहे" असं न म्हणता. त्या दुपारी तिने पाणी मागितलं. भरलेला लोटा. बाबांनी आणून दिला आणि ती तो सावकाश, मध्ये थांबत, शेवटपर्यंत प्यायली. होळी यायच्या आत ती गेली, आपल्या घरी, तणसावर टाकलेल्या अंथरुणात.

मी तिच्यावर रागावले होते, अजूनही कधी कधी रागावते. शकीलभाईंनी ती नळी शोधली नसती तर ती आणखी एखादा हिवाळा गाडी दुरुस्त व्हायची वाट बघत जगली असती का, असा वेडा विचार मला थंडीत हटकून येतो. तो मी कोणाला सांगत नाही. तिने जे मला सांगितलं तेही मी बाबांना सांगितलं नाही. वाटलं, जे ओझं त्यांच्यावर पडू नये म्हणून ती झिजली, त्याचं नाव कशाला काढायचं.

नंतर बाबा मुर्रीला आले. गाडी आणि गोधडी घेऊन. त्यांना इथे गमतं का, हे मी विचारलेलं नाही.

आज सकाळी थंडी जास्त होती म्हणून मी चहाचा कप घेऊन अंगणात गेले आणि शेजारच्या सीटवर जाऊन बसले. गोधडी मागे घडी करून ठेवलेली होती. इंजिन सारख्या सुरात चालत होतं. बाबांनी कप घेतला, काट्याकडे पाहत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुह्या आईनं वाट पाह्यली बरं गाडी नीट व्हायची. मले माहीत आहे."

 काटा वर आला. त्यांनी चहा संपवला, चावी फिरवली आणि म्हणाले, "म्हनून चालू ठेवतो."